केळीच्या बागेत ब्लूटूथ

(दृश्य: रावेर तालुका, केळीची कापणी)

सकाळपासून कापणी सुरू आहे. घड घेऊन माणसं बागेबाहेर येतात, ट्रॅक्टरजवळ उतरवतात, पुन्हा आत जातात. बांधावरच्या स्पीकरवर अहिराणी गाणं लागलंय. मोबाईल मात्र कापणाऱ्याच्या खिशात. तो चार ओळी आत गेला की गाणं तुटायला लागतं आणि हाक येते, "मोबाईल इकडे आन ना भो!"

बिचाऱ्या स्पीकरचा यात दोष नाही. ब्लूटूथ मुद्दामच कमी ताकदीचं ठेवलंय. १९९४ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन या डच अभियंत्यानं त्यावर काम सुरू केलं. हेडसेटची वायर तर जायला हवी, पण बॅटरीही टिकायला हवी. म्हणून २.५ मिलिवॉटच्या उपकरणाचा पल्ला साधारण १० मीटर, तोही मध्ये काही आडवं नसेल तर.

(दृश्य: आडवं कापलेलं खोड, अगदी जवळून)

इथं तर केळीचं हे खोडच आडवं येतं. थरावर थर, मध्ये जाळीदार पोकळ्या, बोट दाबलं की पाणी. लाकडाचा पत्ताच नाही. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या. पाणी त्या शोषून घेतं. माणसाच्या अंगातही पाणीच जास्त, त्यामुळे मोबाईल मागच्या खिशात असेल तर आपणच आपल्या गाण्याच्या आड येतो.

(दृश्य: भुसावळ जंक्शन, फलाटावरची गर्दी)

लहरींच्या याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाय-फायही चालतं. मग फलाटावर इतक्या जणांच्या कानांत इअरबड असताना एकाचं गाणं दुसऱ्याला कसं ऐकू जात नाही? गाणी वाजवणारं ब्लूटूथ एका वाटेवर, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर, थांबतच नाही. ७९ वाटा, आणि सेकंदाला १६०० उड्या. कोणत्या क्रमानं उडायचं ते त्या जोडीलाच ठाऊक. दोन जोड्या क्षणभर एकाच वाटेवर आल्या, तरी पुढच्या उडीला वेगळ्या होतात.

(दृश्य: जळगाव, सराफ बाजार)

इथं कार्ड मशीनला टेकवून पैसे दिले जातात. अंतर तर आणखी कमी, जेमतेम चार सेंटीमीटर. टेकवायच्या कार्डात बॅटरी नसते, तारेचं बारीक वेटोळं असतं. मशीनच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रात आलं की त्यात वीज तयार होते, तेवढ्यावर चिप जागी होते आणि उत्तर देते. ५,००० रुपयांपर्यंत पिनही लागत नाही. सराफाकडे एवढ्यात भागतं कुठे. पिन टाकावाच लागतो.