किरकोळ खात्यावर टाकलेला कण

नमस्कार श्रोतेहो.

माझे वडील भवानी पेठेतल्या एका भुसार दुकानात दिवाणजी होते. रात्री दुकानाच्या फळ्या लागल्या की रोजमेळ जुळवायला बसायचे. गल्ल्यातली रोकड आणि वहीतली शिल्लक यांत फरक निघाला की शेठ म्हणायचे, "दिवाणजी, टाका किरकोळ खर्ची आणि चला घरी." वडील आधी त्या फरकाला नऊने भागून बघायचे. समजा, सत्तावीस रुपये कमी आहेत. नऊने भाग जातो, म्हणजे बहुधा कुठेतरी ६३ चे ३६ झालेत. मग रकान्यावर बोट ठेवून खालून वर एकेक आकडा तपासायचा. चूक सापडायची तेव्हा अकरा वाजून गेलेले असायचे. आणि चूक नाहीच सापडली, तरच 'किरकोळ'. तेही पेन्सिलीने.

मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं, आणि मूलकणांच्या क्षयाबद्दल बोलताना मला हमखास ती वही आठवते. कण फुटतो, त्यातून दुसरे कण निघतात. आधीची ऊर्जा आणि नंतरची ऊर्जा जुळायलाच हवी. नाही जुळली तर काय करायचं?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अगदी अटीतटीला आला होता. बीटा क्षयात अणुकेंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. प्रत्येक वेळी त्याची ऊर्जा ठरावीक असायला हवी, पण ती कधी जास्त, कधी कमी भरायची. काहींना वाटलं, इलेक्ट्रॉन वाटेत ऊर्जा सांडत असेल. मग १९२७ मध्ये केंब्रिजला एलिस आणि वूस्टर यांनी पदार्थाभोवती उष्णतामापक लावला. सांडली असेल तर तिथे उष्णता म्हणून सापडेलच ना! सापडली ती कमाल ऊर्जेच्या जेमतेम एक तृतीयांश. बाकीची गेली कुठे? नील्स बोर यांच्यासारखा थोर माणूस म्हणू लागला, की ऊर्जेचा हिशेब प्रत्येक घटनेत जुळत नसेल, फक्त सरासरीत जुळत असेल. म्हणजे वहीच खोटी!

वोल्फगांग पाउली यांना ते पटेना. ४ डिसेंबर १९३० रोजी झुरिकहून त्यांनी ट्यूबिंगनला जमलेल्या शास्त्रज्ञांना पत्र लिहिलं: इलेक्ट्रॉनबरोबर आणखी एक कण निघत असावा, विद्युतभार नसलेला, कुणाला न दिसणारा, आणि उरलेली ऊर्जा तोच नेत असावा. ही किरकोळची नोंदच होती, आणि पाउलींना तिचा संकोचही वाटत होता. पुढे इटलीचे शास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी त्या कणाला घेऊन बीटा क्षयाचा पूर्ण सिद्धान्त मांडला. त्याला न्यूट्रिनो हे नाव पडलं. १९५६ मध्ये रेनेस आणि कोवन यांनी अमेरिकेत अणुभट्टीजवळ तो पकडून दाखवला. सव्वीस वर्षांनी पेन्सिलीवर शाई फिरली. आपल्याकडेही १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून जास्त खोल, वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा मिळाल्या. त्या गटात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक होते.

आता अलीकडची गोष्ट, जी मला पाउलींच्या गोष्टीइतकीच मोलाची वाटते. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणसंशोधन संस्थेच्या एलएचसीबी प्रयोगात बी मेसॉन नावाच्या कणांचे क्षय मोजतात. त्यातला एक फार विरळा, साधारण वीस लाखांत एकदा होणारा. त्यात केऑन नावाच्या कणासोबत कधी इलेक्ट्रॉनची जोडी निघते, कधी म्युऑनची. म्युऑन हा इलेक्ट्रॉनचाच भाऊबंद, त्याच्या दोनशे पट जड, पण आपला प्रस्थापित सिद्धान्त सांगतो की निसर्ग दोघांना सारखंच वागवतो. दोन्ही प्रकार जवळजवळ समसमान यायला हवेत. मार्च २०२१ मध्ये आकडा आला ०.८४६. शंभर इलेक्ट्रॉन-जोड्यांमागे पंच्याऐंशीच म्युऑन-जोड्या! निव्वळ योगायोगाने इतका फरक पडण्याची शक्यता हजारात एखादी. कणशास्त्रात शोध म्हणायला सुमारे पस्तीस लाखांत एक लागते, तरी जगभर उत्साह उसळला. मीही ते निकाल मध्यरात्रीपर्यंत वाचत बसलो होतो. उत्तर म्हणून लेप्टोक्वार्क पुढे आला. प्रोटॉन ज्यांचा बनतो ते क्वार्क हे एक घराणं, इलेक्ट्रॉन-म्युऑन हे दुसरं. त्यांच्यात सोयरीक जुळवणारा हा कल्पित कण.

डिसेंबर २०२२ मध्ये त्याच गटाने नवा हिशेब मांडला. इलेक्ट्रॉन म्हणून मोजलेल्या काही नोंदी इलेक्ट्रॉनच्या नव्हत्याच. दुसऱ्याच कणांना इलेक्ट्रॉन समजलं गेलं होतं. त्या वगळल्यावर आकडा एकाशी जुळला. ६३ चे ३६ झाले होते. लेप्टोक्वार्कची ती गरज संपली. काही बातम्यांत याला 'अपेक्षाभंग' म्हटलं गेलं, ते मला मुळीच मान्य नाही. ज्या आकड्याने जगभर नाव झालं, तोच आकडा पुन्हा तपासायचा आणि चूक आपणच जाहीर करायची, याला केवढं बळ लागतं!

असाच आणखी एक न जुळणारा हिशेब. हंगेरीत देब्रेत्सेनला बेरिलियमच्या केंद्रकातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन, म्हणजे धन विद्युतभाराचा इलेक्ट्रॉन, यांच्या जोड्यांमधला कोन अनपेक्षित आला. त्यावरून २०१६ पासून इलेक्ट्रॉनच्या तेहतीसेक पट जड अशा नव्या कणाची चर्चा आहे. स्वित्झर्लंडमधल्या मेग-टू प्रयोगाने तो शोधून पाहिला, पण त्यांना पुरावा मिळाला नाही.

एक फरक मात्र अजून उभा आहे. बी मेसॉनच्या दुसऱ्या एका क्षयात टाऊ हा इलेक्ट्रॉनच्याच घराण्यातला आणखी जड कण अपेक्षेपेक्षा जास्त वेळा निघतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या बाबार प्रयोगाने ते ठळकपणे दाखवलं. पुढे जपान आणि सर्न इथल्या मोजण्या मिळवूनही तो फरक पुरता पुसलेला नाही. जपानमध्ये त्सुकुबाला बेल-टू प्रयोग आता तेच क्षय मोजतो आहे. त्या यंत्राच्या सिलिकॉन पट्ट्यांचा एक थर मुंबईच्या टाटा संस्थेतल्या मंडळींनी जोडला आहे. टाऊ त्या पट्ट्यांपर्यंत पोचत नाही, त्याआधीच फुटतो. मागे राहिलेल्या कणांच्या खुणांवरून तो ओळखायचा, आणि त्यातला प्रत्येक नग खरोखर टाऊचाच आहे ना, हे बोट ठेवून तपासायचं काम सध्या तिथे चालू आहे.

नमस्कार.