शेपूट टाकून गेलेली सापसुरळी

श्रोतेहो, नमस्कार. आज सापसुरळीविषयी बोलायचंय. एक गोष्ट आधीच सांगतो, पुढेही सांगत राहीन: सापसुरळीला विष नसतं.

गोव्यातल्या चोडण बेटावर माझ्या मावशीचं घर. रायबंदरहून फेरीबोटीने जायचं. मे अखेरचे दिवस, पावसाआधी न्हाणीमागे झावळ्या रचत होतो. एक झावळी उचलली आणि खालून तेल चोपडल्यासारखी चकचकीत, तपकिरी सापसुरळी सळकन निघाली. "सोडू नको रे तिला, चावली तर माणूस उरत नाही!" म्हणत मावशीने खराटा हाणला. खराट्याखाली उरलं नुसतं शेपूट. बोटभर लांबीचं, टोपलीतून निसटलेल्या मासळीसारखं तडफडणारं. आम्ही दोघं वाकून बघतोय, मांजरानेही त्याच्यावरच झडप घातली. तोवर सापसुरळी चिऱ्यांच्या गडग्यात पसार.

शेपूट तिनेच सोडलं होतं. शेपटीच्या मणक्यांतच तुटायच्या जागा असतात. स्नायू आवळले की तिथून ते सुटतं. रक्तही फारसं जात नाही.

चतुर्थीला पुन्हा चोडणला गेलो. पावसाने उघडीप दिली होती. गडग्यावर एक सापसुरळी ऊन खात बसलेली. नवं शेपूट आखूड, बुंध्यापाशी रंगच बदललेला. नव्या शेपटात मणके नसतात, कूर्चेची दांडी असते. मावशी हळूच म्हणाली, "आमचीच ती."

आता हे गडगेच राहत नाहीत. जुना गडगा पाडून सिमेंटची भिंत बांधायची, अंगणभर पेव्हर घालायचे, ही हौस मला मुळीच पटत नाही. पावसाचं पाणी मुरायचं कुठे? सापसुरळीने किडे शोधायचे कुठे?

बेटावरच्या जिवाला तर पळायलाही जागा नसते. ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावर १९८० च्या दशकात बाहेरून एक साप पोचला. आपल्याकडे पालींच्या मागे घरात शिरणारा कवड्या साप, त्याचाच तो भाऊबंद. तिथल्या सापसुरळ्यांना असल्या सापाची सवयच नव्हती. त्या का संपत गेल्या याबाबत मोठा संशय याच सापावर आहे. तिथल्या जंगलातल्या एका जातीची शेवटची मादी, गंप तिचं नाव, २०१४ साली माणसांच्या देखरेखीखाली मेली. ती जात संपली.

मावशीचा गडगा अजून उभा आहे. परवा शेजारची सून काठी घेऊन धावली, तेव्हा मावशी ओसरीवरूनच ओरडली, "अगो, विष नसतं तिला. जाऊ दे."