दोनशे पंचाहत्तरावे स्थान

श्रोते हो, नमस्कार. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, आणि नायडू रुग्णालयाबाहेर नाकातोंडाला रुमाल बांधून रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडी टॅमिफ्लू हे नाव बसले. त्या साथीत हे औषध लागू पडले. परंतु त्याच्या काही महिने आधीच, जगभर फिरणाऱ्या नेहमीच्या हंगामी एच१एन१ विषाणूपुढे ते जवळजवळ निकामी ठरले होते.

फ्लूचे नवे विषाणू पेशीतून बाहेर पडताना तिच्या पृष्ठभागावरील सियालिक आम्लाला चिकटून राहतात. तो बंध कापण्याचे काम न्यूरामिनिडेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, करते. टॅमिफ्लूमधील ऑसेल्टामिव्हिर या विकराच्या खाचेत जाऊन बसले, की कापणी थांबते आणि विषाणू जागीच अडकतात. मात्र या औषधाच्या रेणूला एक तेलकट शेपूट आहे, आणि ते मावावे म्हणून खाचेतील ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाला किंचित वळावे लागते. गच्च भरलेल्या एसटीत बसलेल्याने गुडघे वळवून खिडकीकडच्या माणसाला वाट द्यावी, तसे. विकर ही अमिनो आम्लांची साखळी असते; तिच्यात २७५ व्या स्थानी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल असेपर्यंत हे जमते. जनुकातले एकच अक्षर बदलून तेथे अंगाने मोठे टायरोसिन आले, की वळायला जागा उरत नाही आणि औषधाची पकड सुटते. झनामिव्हिर या फ्लूवरच्या दुसऱ्या औषधाला ही सरकासरक लागत नाही, म्हणून ते तेव्हाही चालते. पण ती श्वासावाटे ओढायची पूड असल्याने धाप लागलेल्या रुग्णाला ती घेणे अवघड जाते.

असा बदललेला विषाणू दुबळा असल्यामुळे पसरणार नाही, असा तज्ज्ञांचा अंदाज होता, आणि तो निराधार नव्हता, कारण या बदलामुळे पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचणारे विकरच कमी होते. तरीही २००७-०८ च्या हिवाळ्यात तो नॉर्वेत, म्हणजे टॅमिफ्लू फारसे वापरलेच जात नव्हते अशा देशात, मोठ्या प्रमाणावर आढळला. तेव्हा औषधाच्या अतिवापराला बोल लावण्याची आपली सवय येथे कामाची नाही. विकरातील २२२ आणि २३४ या स्थानी झालेल्या इतर बदलांनी ती उणीव भरून काढली होती.

पुढे साथीचा नवा विषाणू आला. डुकरांमधील विषाणूंकडून आलेल्या त्याच्या न्यूरामिनिडेजमध्ये २७५ व्या स्थानी हिस्टिडिनच होते, आणि त्याने जुन्या हंगामी एच१एन१ला हटवले. पुण्यातील रांगेत घशाचा जो स्राव घेतला जाई, त्याच्या नेहमीच्या तपासणीतून विषाणू आहे की नाही एवढेच कळे; २७५ वे स्थान पाहायचे, तर त्यासाठी वेगळी चाचणी करावी लागते.