रेंडर नेमका कुठे थांबतो?

लग्नसराईत व्हिडिओ एडिटरचा जीव खाणारी गोष्ट म्हणजे रेंडर, म्हणजे एडिट केलेल्या कामाची शेवटची व्हिडिओ फाइल तयार करणं. कटिंग झालंय, कलर झालाय, गाणी बसवून झालीत, पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, उद्या पेनड्राइव्ह द्यायचाय. आणि रात्री लावून ठेवलेला रेंडर सकाळी ७१ टक्क्यांवर उभा. किंवा सॉफ्टवेअर बंद होऊन समोर नुसता डेस्कटॉप. मग आपल्यातले बहुतेक जण हाताला लागेल ते बदलत सुटतात. ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) अपडेट कर, कॅशे (साठलेल्या तात्पुरत्या फाइल) उडव, सॉफ्टवेअर काढून परत टाक, शेवटी मशीन फॉरमॅट. कधीकधी एवढ्यात रेंडर निघतोही. पण बिघाड कशात होता ते कळलेलं नसतं, त्यामुळे पुढच्या कामात तेच दुखणं परत येतं. म्हणून मी आज उपाय कमी सांगणार आहे आणि शोधायचं कसं यावर जास्त बोलणार आहे.

सगळ्यात आधी, तो खरंच अडकलाय का ते बघा. टक्क्यांचा आकडा फ्रेम मोजतो, मेहनत मोजत नाही. जिथे नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवणं) लावलंय किंवा ऑप्टिकल फ्लोने (मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने नव्याने बनवून) स्लो मोशन केलंय, तिथे एकेका फ्रेमला कित्येक सेकंद जाऊ शकतात. आकडा हलत नाही म्हणून घाईने एंड टास्क करू नका. ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसलं तरी त्याचा अर्थ एवढाच, की खिडकी उत्तर देत नाहीये. मागे काम चालू असू शकतं. टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, डिस्क यांतलं काही हलतंय का? आउटपुटची फाइल वाढतेय का? काहीतरी हलत असेल तर थांबा. सगळं सपाट झालं असेल तरच हँग म्हणा.

आता मुख्य प्रश्न. रेंडर मेला, तर काहीही न बदलता तोच रेंडर परत लावा आणि तो कुठे मरतो ते लिहून ठेवा. त्याच जागी मेला, तर दोष टाइमलाइनमध्ये (क्लिप ओळीने लावलेल्या पट्टीत) आहे: एखादी क्लिप, फोटो, इफेक्ट, फॉन्ट. दर वेळी वेगळ्या जागी मेला, तर आधी मशीनवर संशय घ्या: उष्णता, रॅम, वीज, ड्रायव्हर. एवढी एक गोष्ट केली तरी निम्मा शोध संपतो. डेडलाइन डोक्यावर असताना एक रेंडर ‘वाया’ घालवायला मन तयार होत नाही, हे मला कळतं. पण तो वाया जात नाही.

समजा, जागा तीच आहे. मग टाइमलाइन अर्धी करा. इन आणि आउट (सुरुवात आणि शेवटाच्या खुणा) लावून पहिला अर्धा भाग रेंडर करा. निघाला, तर दोष दुसऱ्या अर्ध्यात. त्याचे परत दोन भाग. एका तासाची टाइमलाइन असेल तर सहा वेळा अर्धी केल्यावर तुम्ही एका मिनिटाच्या आत येता. प्रीमिअरसारखं एडिटिंग सॉफ्टवेअर एररमध्ये टाइमकोड (टाइमलाइनवरची नेमकी वेळ) देतं, तिथून सुरुवात केलीत तर आणखी लवकर. फक्त त्या टाइमकोडच्या पुढचे काही सेकंदही तपासा, कारण सॉफ्टवेअर पुढच्या फ्रेम आधीच वाचायला घेतं. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये, फ्रेम प्रोसेस झाली नाही तर रेंडर थांबवायची सेटिंग आहे, ती चालू ठेवा. नाहीतर रेंडर पूर्ण होतो आणि खराब फ्रेम पार्टीच्या टीव्हीवर दिसते.

त्या एका मिनिटात काय सापडतं? लग्नाच्या कामात बऱ्याचदा फोटो. हळदीचे फोटो घरच्या कुणीतरी १०८ मेगापिक्सेलच्या मोबाइलवर काढलेले असतात आणि आपण ते तसेच टाइमलाइनवर ओढतो. डिस्कवर फोटो काही एमबीचा दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. आता हिशेब करू. फोटो १२,००० बाय ९,००० पिक्सेलचा, म्हणजे १० कोटी ८० लाख पिक्सेल. जेपेग फाइलमध्ये फोटो दाबून लहान केलेला असतो, उघडल्यावर ते आकुंचन संपतं. ३२ बिट फ्लोटमध्ये (प्रत्येक आकडा चार बाइटचा) काम चालू असेल तर प्रत्येक पिक्सेलला चार चॅनेलचे (तीन रंग आणि पारदर्शकता) मिळून १६ बाइट लागतात. एका फोटोला झाले सुमारे १.७ जीबी. त्याच हिशेबाने फोरके व्हिडिओची एक फ्रेम साधारण १३३ एमबी. तुमचं ग्राफिक कार्ड ४ जीबीचं आहे, दोन फोटोंमध्ये डिझॉल्व्ह (एक विरत दुसरा उमटणं) आहे, म्हणजे दोन्ही एकाच वेळी मेमरीत, वर ब्लर आणि ग्लो. कार्डाने करावं तरी काय? फोटोशॉपमध्ये बॅच लावून सगळे फोटो ४,००० पिक्सेल रुंदीला आणा. फोरकेच्या पडद्याला तेवढे पुरतात. झूम करायचा असेल तेवढाच फोटो मोठा ठेवा.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे मोबाइलची क्लिप. तिचा फ्रेमरेट प्रकाशाप्रमाणे खालीवर होत राहतो. त्याने ऑडिओ सरकतो आणि काही सॉफ्टवेअर अडखळतंही. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट (स्थिर) फ्रेमरेट निवडून ती आधीच बदलून घ्या. आणि कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डवरून कॉपी होताना तुटलेली क्लिप असेल तर मूळ कार्डवरून परत घ्या. कार्ड फॉरमॅट करायची घाई करू नका, असं मी सारखं म्हणते ते यासाठीच.

जागा दर वेळी बदलत असेल तर टाइमलाइनला हात लावू नका. विंडोजमध्ये, व्हिस्टापासून, ग्राफिक कार्डाने सुमारे दोन सेकंद उत्तर दिलं नाही तर सिस्टिम ड्रायव्हरच रीसेट करते. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या पायाखालची जमीनच जाते आणि ते कोसळतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांच्या नोंदवहीत) त्याची ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते. तिथेच १००० क्रमांकाची ॲप्लिकेशन एरर दिसली तर ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ (कोसळायला कारण झालेली फाइल) कोणतं ते वाचा. नावाच्या शेवटी एईएक्स किंवा ओएफएक्स असेल तर तो प्लगइन (सॉफ्टवेअरला बाहेरून जोडलेला इफेक्ट) आहे, तो काढून रेंडर लावा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर गेम रेडीऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर टाका. तापमान बघा. एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत, धूळ भरलेल्या कॅबिनेटमध्ये रात्रभर रेंडर लावणं हा मशीनवर अन्याय आहे. रॅमला एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) चालू असेल तर बंद करून पाहा, मग रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा.

तिसरी शक्यता फसवी असते. दोन्ही अर्धे भाग वेगवेगळे नीट निघतात, पण अख्खा रेंडर मरतो. अशा वेळी टास्क मॅनेजरमधली मेमरीची रेघ पाहत राहा. ती हळूहळू चढतच गेली आणि खाली आलीच नाही, तर काहीतरी घेतलेली मेमरी सोडत नाहीये. इफेक्टवाल्या क्लिप आधी रेंडर अँड रिप्लेस करून (इफेक्टसकट वेगळ्या रेंडर करून त्याच जागी बसवून) घ्या.

आणि फाइल दर वेळी ४ जीबीला येऊन थांबते का? मग टाइमलाइन निर्दोष आहे. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यावर ४ जीबीची फाइल मावत नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण त्याआधी पार्टीचा टीव्ही एक्सफॅट वाचतो का ते विचारा. मुळात थेट पेनड्राइव्हवर रेंडर लावूच नका.

एमपी४ची आणखी एक अडचण आहे. कोणती फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका साधारणपणे फाइल पूर्ण झाल्यावरच लिहिली जाते. त्यामुळे ९८ टक्क्यांवर वीज गेली तरी हाती आलेली फाइल बहुधा उघडतच नाही. मोठ्या कामात मी टाइमलाइनचे कटवर पंधरा-पंधरा मिनिटांचे भाग पाडते, प्रत्येक भाग डीएनएक्सएचआर किंवा प्रोरेझ या कमी दाबलेल्या, एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये काढते, आणि मग ते जोडून त्यांची एमपी४ करते. फुल एचडीला, २५ फ्रेमला, तासाला साधारण ५५ जीबी जागा लागते. तेवढी डिस्क रिकामी ठेवा. एखादा भाग मेला तर फक्त तोच परत लावायचा, आणि पार्टीने शेवटच्या क्षणी नाव बदलायला सांगितलं तरी एकच भाग काढावा लागतो.