तोंड उघडा भाऊ
(निवेदन)

सकाळपासूनच नागपूरचं ऊन चटके देऊन राहिलंय, आणि ओएसटी सेंटरच्या दाराशी लाइन लागलीये. गर्द, ब्राऊन शुगर, सुईची नशा, यातून बाहेर पडायला निघालेली ही माणसं. ओएसटी म्हणजे नशेच्या जागी डॉक्टरांनी ठरवून दिलेलं औषध, आपल्याकडे बहुतेक करून ब्युप्रेनॉर्फिन. सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमात ते २००७-०८ पासून आहे.

आता सिस्टरचे हात बघा. आधी रजिस्टर, मग कुलूपबंद कपाट, मग गोळ्या. ०.४ आणि २ मिलिग्रॅमच्या असतात, डोसप्रमाणे मोजायच्या, कुटून पावडर करायची आणि जिभेखाली टाकायची. गिळायची नाही, पाणी नाही, बोलायचं पण नाही, कारण पोटात गेली तर औषध बरंचसं वाया जातं. पाच-दहा मिनिटं समोरच्या बाकावर बसून राहायचं. मग सिस्टर म्हणतात, "तोंड उघडा भाऊ, जीभ वर करा." सगळी विरघळली की मगच सही. औषध तोंडात लपवून बाहेर जाऊ नये म्हणून ही तपासणी, पण समोरच्याला चोर समजल्यासारखं वाटू नये म्हणून हा जो आवाजातला सूर आहे ना, तो सिस्टरचा स्वतःचा.

हा मुलगा आज पहिल्यांदाच आलाय. जांभया, गळणारं नाक, हातावर काटा. सिस्टर नाडी मोजतात, डोळ्याची बाहुली मोठी झालीये का बघतात, नशा तुटल्यावर दिसणाऱ्या ११ लक्षणांचा तक्ता भरतात. घाई करून चालत नाही, हेरॉइन अंगात असतानाच ही गोळी दिली तर ती मेंदूतल्या रिसेप्टरवरून, म्हणजे नशा जिथे जाऊन चिकटते त्या जागेवरून, हेरॉइनला हुसकावते, स्वतः मात्र त्याच्याइतका जोर लावत नाही आणि पेशंट एकदम टर्कीत, म्हणजे नशा तुटल्याच्या त्रासात, जातो. म्हणून शेवटच्या नशेनंतर साधारण १२ तास थांबवतात. रात्री काही घेतलं होतं का, हे डॉक्टरांनी विचारलं की खाली मान घालून "नाही", आणि तेच सिस्टरने विचारलं की हळूच खरं सांगतात. दारूचा वास आला तर डोस थांबतो, डॉक्टरांना कळवतात, कारण दारू किंवा झोपेच्या गोळ्यांसोबत या औषधाने श्वास धोकादायकरीत्या मंदावू शकतो.

सुया एकमेकांच्या वापरणं थांबलं की एचआयव्ही, हिपॅटायटिस सीचा धोका उतरतो, कामधंदा परत सुरू होतो.

२०१९ च्या सरकारी सर्व्हेत देशात ओपिऑइडच्या, म्हणजे अफू-हेरॉइनसारख्या नशेच्या, त्रासासाठी मदत लागणारे लोक होते जवळपास ७७ लाख. अमेरिकेत २०१६ च्या कायद्याने नर्स प्रॅक्टिशनरना, म्हणजे जादा शिक्षण घेतलेल्या नर्सना, ही गोळी लिहून द्यायची परवानगी मिळाली. आपल्याकडे लिहितात डॉक्टरच, पण पेशंट रोज भेटतो तो सिस्टरला, मग ट्रेनिंग, पक्की नोकरी आणि टेबलाशी दुसरा हात या तीन गोष्टी आधी तिलाच मिळायला पाहिजेत.

घरात कोणाला गरज असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १४४४६, फोनला पैसे लागत नाहीत.