‘ड्राय’ म्हणजे किती कोरडी?

नमस्कार मंडळी. भारतवारीत नाशिकला गेलं, की पंचवटी, मिसळ आणि गंगापूर धरणाकडची एखादी वायनरी असा बेत हल्ली ठरलेलाच असतो. तिथे वाईन चाखायला बसलं, की विचारतात, “ड्राय चालेल?” आपल्याला ड्रायफ्रूट ठाऊक, ड्रायक्लीनिंग ठाऊक. पातळ पदार्थ कोरडा कसा असेल?

इथे ड्रायचा संबंध ओलाव्याशी नाही, साखरेशी आहे. नाशिककडे वाईनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, २२ ते २४ ब्रिक्सला. म्हणजे १०० ग्रॅम रसात विरघळलेला ऐवज तेवढे ग्रॅम, आणि त्यात बहुतेक साखरच. ती यीस्ट खातं. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर संपली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं. अशी जवळजवळ सगळी साखर संपली की वाईन ड्राय. युरोपीय नियमात लिटरला ४ ग्रॅमपर्यंत, आंबटपणा पुरेसा असेल तर ९ पर्यंत. टाकी फार तापली किंवा यीस्टला पोषण कमी पडलं, तर आंबणं मध्येच अडतं. तशीच गोडसर वाईन जिवंत यीस्टसकट बाटलीत भरली, तर ती आत पुन्हा आंबते आणि बूच उडतं.

रेड वाईनने तोंड ओढल्यासारखं होतं, ते ड्रायपण नव्हे. तो सालीबियांतल्या टॅनिनचा तुरटपणा. उलट शेनिन ब्लांक या व्हाईट वाईनला फळांचा वास येतो म्हणून तिला गोड ठरवू नका. नाक दाबून घोट घ्या: वास जाईल, साखर असेल तर गोडी राहील.

खरी गंमत फेसाळ वाईनच्या लेबलावर. तिथे ‘ड्राय’ म्हणजे लिटरला १७ ते ३२ ग्रॅम साखर! ७५० मिलिलिटरच्या बाटलीत तीन ते सहा चमचे. ‘एक्स्ट्रा ड्राय’ १२ ते १७, आणि ‘ब्रूट’ १२ पेक्षा कमी. एकोणिसाव्या शतकात शॅम्पेन भलतीच गोड पीत, त्या मानाने ही ड्राय ठरली. पुढे आणखी कमी गोडीची मागणी आली, तशी नवी नावं खाली जोडत गेले, जुनी कोणी बदलली नाहीत. ग्राहकाला चकवणारी पद्धत आहे ही, माझ्या मते. तेव्हा कोरडी हवी असेल तर ब्रूट मागा.

साध्या वाईनबद्दल शंका असेल तर सरळ विचारा, “रेसिड्युअल शुगर, म्हणजे उरलेली साखर, किती?” तिखट मिसळीनंतर जास्त अल्कोहोलची ड्राय रेड घेऊ नका, जळजळ वाढते, किंचित गोड व्हाईट बरी.

आणि हंगाम बघायला जानेवारीत जाणार असाल तर २६ तारीख टाळा. त्या दिवशी राज्यात दुसऱ्याच अर्थाचा ड्राय डे असतो.