बीएस्सीला खाडी कुठे येते?

(ठाण्यात, नौपाड्यातल्या एका सभागृहात बारावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापला आहे, 'जीवशास्त्राची पदवी मिळवायला काय काय करावं लागतं?' त्याचं उत्तर मी देणार आहे. त्याआधी जरा हात वर करा. निवटी कोणी कोणी पाहिली आहे? चार हात. बरं, निवटी खाल्ली कोणी आहे? हे बघा, बारा झाले! म्हणजे आठ जणांनी न बघताच खाल्ली.

निवटी हा आपल्या ठाण्याच्या खाडीतला मासा. ओहोटीला बाकीचे मासे पाण्याबरोबर निघून जातात, ही मात्र चिखलावर राहते. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरते, ओल्या कातडीतूनही श्वास घेते, पुढच्या परांवर रेटा देत सरपटते, उड्या मारते. बीळ करते. डोळे डोक्याच्या अगदी वर, बाहेर आलेले. जमिनीवर राहण्यासाठी माशाला काय काय करावं लागेल, हे पुस्तकात एक अख्खं प्रकरण वाचून कळतं, ते ही तुम्हाला अर्ध्या तासात करून दाखवते.

मी एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. त्यातल्या एका परीक्षेबद्दल आज बोलायलाच हवं. माझ्या वर्गात चेंदणी कोळीवाड्यातली एक मुलगी होती. वडील होडी घेऊन खाडीत जायचे, आजी मासळी विकायची. तिसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा. तुमच्यापैकी ज्यांनी दिली आहे त्यांना स्पॉटिंग माहीत आहे. टेबलावर ओळीनं बरण्या मांडलेल्या, घंटा वाजली की पुढच्या बरणीकडे सरकायचं, नाव लिहायचं, वर्गीकरण लिहायचं, दोन वैशिष्ट्यं लिहायची. चौथ्या बरणीत फॉर्मॅलिनमध्ये निवटी होती. कित्येक वर्षं तशीच. रंग उडून पांढरी फटक झालेली, डोळे आत गेलेले, पर चिकटलेले. या मुलीनं ती जागा कोरी सोडली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, तिला तोच नमुना दाखवून पुन्हा विचारलं. ती गप्प. त्यांनी गुण कापले आणि मला म्हणाले, "खाडीकाठच्या कॉलेजातल्या मुलांना हासुद्धा मासा ओळखता येत नाही?" मी अंतर्गत परीक्षक होते. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

संध्याकाळी गेटपाशी ती भेटली. ती निवटी होती म्हटल्यावर तिचा विश्वासच बसेना. म्हणाली, "मॅडम, निवटीचे डोळे वर असतात. त्या माशाला डोळेच नव्हते." मग तिथेच उभ्या उभ्या तिनं मला सांगितलं, निवटीचं बीळ कसं ओळखायचं, हात कोणत्या बाजूनं घालायचा, कोणत्या चिखलात ती मिळते आणि कुठल्या चिखलात मिळत नाही, नाल्याचं काळं पाणी यायला लागल्यापासून ती कुठून कुठे सरकली. तीन वर्षांत माझ्या विषयातलं इतकं बारीक निरीक्षण मी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्याला गुण द्यायचे तर कागदावर रकानाच नव्हता.

बरण्यांवर माझा राग नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गातलं विच्छेदन बंद करायला सांगितलं, ते योग्यच झालं. बेडकांच्या किती पिढ्या आम्ही मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून संपवल्या! पण त्या ट्रेच्या जागी जिवंत प्राणी यायला हवा होता. तिथे संगणकाचा पडदा आला.

आणि खाडी कुठे आहे? चेंदणीच्या बांदोडकर विज्ञान महाविद्यालयाच्या अगदी काठाशी. ऐरोलीला आहे, वाशीला आहे. २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये ठाण्याची खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली, पासष्ट चौरस किलोमीटर. तिवर, चिपी, कांदळ ही खारफुटीची झाडं, तिवर-चिपीची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं, सगळं लोकलच्या खिडकीतून दिसतं. तरीही मुलं तीन वर्षांत एकदा, बसनं, डबे घेऊन तिथे जातात आणि दुपारी परत येतात.

कारण वेळापत्रक. हे जरा नीट ऐका, माझं सगळं म्हणणं यावर उभं आहे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत ती पावणेसहा-सहा तास सरकते. म्हणजे तुमचं प्रॅक्टिकल मंगळवारी अकराला असेल आणि या मंगळवारी ओहोटी असेल, तर पुढच्या मंगळवारी त्याच वेळी त्याच जागी भरतीचं पाणी. कोळी याचं गणित तिथीवर करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला गणितानं सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या सुमारास. ठाण्यापर्यंत पाणी चढायला आणखी थोडा वेळ धरा. आता अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी, कॉलेजला सोयीची. पण ती भांगाची. पाणी फार उतरत नाही, चिखल पुरता उघडा पडत नाही. खरा चिखल उघडा पडतो उधाणाच्या ओहोटीला, पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, सकाळी आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला. त्या वेळी आपल्या प्रयोगशाळांना कुलूप असतं.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं राहिली. तर मंडळी, पदवी. पटापट लिहून घ्या.

बारावी विज्ञान, जीवशास्त्र घेऊन. मुंबई विद्यापीठात सहसा 'जीवशास्त्र' या एका नावाची पदवी घेत नाहीत. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जीवनविज्ञान, यातलं एक मेजर, म्हणजे मुख्य विषय, निवडायचं, सोबत एक मायनर, म्हणजे दुय्यम. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एका सत्राला बावीस क्रेडिट, वर्षाला चव्वेचाळीस, तीन वर्षांचे १३२. एका वर्षानंतर सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीनला पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स आणि एकूण १७६. सोडून जाताना जास्तीची काही क्रेडिट पूर्ण करायची अट असते, ती कॉलेजात विचारून घ्या. क्रेडिट अकादमिक बँकेत जमा राहतात. मेजर-मायनरखेरीज दुसऱ्या शाखेतला खुला वैकल्पिक विषय, कौशल्याचे विषय, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, पर्यावरण, पुढे ऑन जॉब ट्रेनिंग. हजेरी पंचाहत्तर टक्के. जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, सर्टिफाय झालं नाही तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही, हे आईबाबांनीही लक्षात ठेवा. केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर घाबरू नका, पण साठवू नका.

आणि या यादीत फील्ड प्रोजेक्ट आहे. दोन क्रेडिटचा. एका क्रेडिटला तीस तास, म्हणजे साठ. माझी मागणी तेवढ्यावरच आहे, नवं काही मागत नाही. हे साठ तास नेटवरून उतरवलेल्या अहवालावर खर्च होऊ नयेत. प्रत्येक विद्यार्थ्यानं एक जागा घ्यावी. खाडीचा वीस पावलांचा काठ, येऊरचा एखादा ओढा, मासुंदा तलावाचा एक कोपरा, चालेल. तिथे दोन-दोन तासांच्या तीस फेऱ्या. खाडी घेतली तर वेळ वारावर ठरवू नका, तिथीवर ठरवा. तारीख, पाणी कुठवर होतं, काय दिसलं, काय दिसलं नाही, हे हातानं वहीत. परीक्षा त्या काठावरच. विद्यार्थ्यानं परीक्षकाला दाखवायचं, परीक्षकानं चिखलात उतरायचं. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळावर असलेले दोघेजण आज इथे आहेत, म्हणून मुद्दाम त्यांच्याकडे बघून बोलते आहे. ती वही नसेल तर १३२ पूर्ण झाले असं आपण समजू नये.

घंटा झाली. परवा अमावस्या आहे. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास चेंदणी बंदरावर पाणी पुरतं उतरलेलं असेल. ती मुलगीही येणार आहे, आता तिची स्वतःची मुलगी नववीत आहे. ज्यांनी निवटी नुसतीच खाल्ली आहे त्या आठ जणांनी नक्की या. जुन्या चपला घालून या.